कच्च्या काजूचा आफ्रिकेतील भाव आणि गोव्यातील कारखाना: मूळ संशोधनाला इथून वाव कुठे आहे?

प्रश्न: संशोधक विद्यार्थिनी, वाळपई

नमस्कार. आफ्रिकेच्या राजकीय अर्थव्यवस्थेवर मराठीत फारसे लिहिले जात नाही आणि गोव्यात बसून तो विषय दूरचाच वाटतो. परंतु आमच्या भागातल्या काजूच्या कारखान्यात वर्षातले कितीतरी महिने जी बी फुटते, ती आमच्या सत्तरी तालुक्याची नसून बेनिन, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ किंवा टांझानियाची असते. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले. आयात केलेला काजू गोव्याचा म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारला जातो, ही तक्रार तर जुनीच आहे. मात्र त्या साऱ्या चर्चेत आफ्रिकेची बी केवळ भेसळ म्हणून येते. ती पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले, हे कुणी विचारत नाही.

माझ्या पीएच.डी.साठी मी हाच विषय घ्यावा असे मनात आहे. उपलब्ध अभ्यासांत सर्वाधिक लिहिले गेले आहे ते मोझांबिकवर. स्वातंत्र्यानंतर तिथल्या सरकारने आपल्या कारखान्यांना माल मिळावा म्हणून कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी घातली, ती 1990 नंतरच्या पहिल्या वर्षांत उठली आणि तिच्या जागी निर्यातकर आला. 1995 मध्ये जागतिक बँकेने तो करही उतरवण्याचा आग्रह धरला. पुढे बी भारतात जाऊ लागली आणि मोझांबिकमधले कारखाने एकामागून एक बंद पडले. हा वाद बहुतेक ठिकाणी 'शेतकरी विरुद्ध कारखान्यातील कामगार' असा मांडलेला आढळतो. खरेदी करणारा भारत मात्र त्यात एका शब्दापुरता येतो. ती खरेदी नेमकी कोण करतो, कोणत्या अटींवर करतो आणि भाव कसा ठरवतो, यावर मला फार थोडे सापडले.

म्हणून विचारते: मोझांबिकची राजधानी मापुतो, लिस्बन किंवा लंडनच्या संशोधकाला सहज मिळणार नाही असे कोणते मूळ साहित्य गोव्यात उपलब्ध आहे, आणि त्यातून कोणता प्रश्न प्रामाणिकपणे सोडवता येईल?

उत्तर 1: अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मडगाव

तुमचा प्रश्न योग्य आहे, परंतु मोझांबिकची मांडणी थोडी अधिक काटेकोर करायला हवी. 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो देश जगातल्या सर्वांत मोठ्या काजू-उत्पादकांपैकी एक होता आणि वर्षाचे पीक 2 लाख टनांच्या वर जात होते. पुढे गावांची सक्तीची पुनर्वसाहत, ग्रामीण दुकानदारीचा मोडलेला कणा आणि 1992 पर्यंत चाललेले यादवी युद्ध यांनी ते पीक कोसळले. झाडे म्हातारी झाली होती, नवी लागवड कुणी केली नव्हती. निर्यातबंदीमुळे शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता हे खरे. पण बंदी उठली की पीक आपोआप वाढेल, हा जागतिक बँकेचा हिशेब झाडाच्या वयाकडे पाहून केलेला नव्हता.

मार्गारेट मॅकमिलन, दानी रॉड्रिक आणि कॅरन हॉर्न वेल्च या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये या सुधारणेचा ताळेबंद मांडला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा वाढीव लाभ वर्षाला सव्वापाच डॉलरच्या आसपास होता. दुसऱ्या बाजूला सुमारे 10,000 कारखाना-कामगारांपैकी बहुसंख्यांचे काम गेले आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. सरकारने हे कारखाने नुकतेच खासगी मालकांना विकले होते आणि विकताना संरक्षणाची हमी दिली होती, असे त्या मालकांचे म्हणणे होते. 1999 मध्ये तिथल्या संसदेने निर्यातकर पुन्हा वाढवला, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. 2000 नंतर नाम्पुला प्रांतात हाताने बी फोडणारे लहान कारखाने उभे राहिले हे खरे, पण ती वेगळी गोष्ट आहे.

आता भारताकडे वळू. दक्षिण गोलार्धातील हंगाम ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुमारास असतो, तर आपला फेब्रुवारी ते मे. म्हणजे मोझांबिक आणि टांझानियाची बी आपल्या कारखान्यांना नेमकी अशा वेळी मिळते, जेव्हा स्थानिक माल संपलेला असतो. कारखाना बंद ठेवला तर कामगार दुसरीकडे जातात आणि बँकेचे व्याज थांबत नाही. त्यामुळे या काळातील बीला कारखानदार एरवीपेक्षा चढा भाव द्यायला तयार असतो. मोझांबिकमधल्या कारखान्याला मात्र त्याच बीवर वर्षभर चालायचे असते. भारतीय मजूर स्वस्त म्हणून भारत जिंकला, हे सोपे उत्तर या हंगामी फरकाचा विचार केल्यावर अपुरे पडते. हा विचार नीट आकडे घेऊन कुणीतरी तपासायला हवा.

एक सावधगिरी सुचवतो. भारत हा त्या काळात जवळजवळ एकटा खरेदीदार होता म्हणून भाव दाबला गेला, असे विधान करणे मोहक वाटेल. परंतु 'भारत' म्हणून कुणी खरेदी करत नाही. 1970 साली स्थापन झालेल्या भारत सरकारच्या काजू महामंडळामार्फत कच्च्या काजूची आयात होत असे, तेव्हा तसे म्हणता आले असते. 1995 मध्ये अनेक आयातदार एकमेकांशी स्पर्धा करत होते. त्यांच्यात संगनमत होते की नव्हते, हे पुराव्यानेच ठरेल.

उत्तर 2: काजू कारखानदार, डिचोली

ताई, प्राध्यापक सरांनी सांगितलेले हंगामाचे गणित आम्ही दरवर्षी सोसतो, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. तुम्ही विचारलेल्या 'भाव कसा ठरतो' या प्रश्नाचे कारखान्याच्या फाटकातून दिसणारे उत्तर देतो.

आमच्यासारखे लहान कारखाने आफ्रिकेतून थेट माल आणत नाहीत. मंगळूरचा मोठा आयातदार जहाज उतरवतो आणि आम्ही त्याच्याकडून कंटेनरच्या हिशेबाने घेतो. व्यवहार वजनावर होत असला तरी भाव उताऱ्यावर ठरतो. 80 किलोच्या एका गोणीतून किती पौंड खाण्याजोगा गर निघेल, हा तो उतारा. तो काढण्याची रीत साधी आहे. निरनिराळ्या गोण्यांत बंबा (नमुना काढण्याची टोकदार नळी) घालून नमुना काढायचा, तो मिसळून 1 किलो तोलायचा, त्यातील बिया मोजायच्या आणि एकेक बी कात्रीने उभी फोडायची. चांगला गर एका ढिगात, डागाळलेला दुसऱ्यात, सुकलेला, कोवळा आणि पोकळ तिसऱ्यात. चांगल्या गराच्या वजनात डागी गराचे निम्मे वजन मिळवून जे ग्रॅम येतील त्यांना 0.17637 ने गुणायचे. म्हणजे 280 ग्रॅम भरले तर उतारा 49.4 पौंड झाला. करारात 48 लिहिलेले असेल आणि 46 निघाला, तर त्या प्रमाणात पैसे कापले जातात. फारच खाली गेला तर माल नाकारता येतो.

आता यात तुमच्या अभ्यासाला उपयोगी पडेल अशी गोष्ट ही की तिकडच्या शेतकऱ्याकडून बी विकत घेताना अशी चाचणी सहसा कुणी करत नाही. तिथे नुसते वजन होते. समजा एका गावची बी 50 पौंड उताऱ्याची आहे आणि दुसऱ्या गावची 45 ची. दोन्ही शेतकऱ्यांना किलोमागे एकच दर मिळतो. पण पहिल्या गोणीत सव्वादोन किलो गर जास्त आहे. त्या सव्वादोन किलोचे पैसे बंदरावर पोहोचेपर्यंत कुणाच्या तरी खात्यावर जमा होतात, शेतकऱ्याच्या मात्र नाही. उलट ओली बी घेतली, ती वाटेत सुकून घटली, तर ती घट धरूनच गावचा दर आधी खाली ओढलेला असतो.

आम्हीही फार सुखात आहोत असे समजू नका. व्हिएतनामने यंत्रे लावली, आपल्याकडे अजून बरेचसे काम बायकांच्या हातावर चालते, आणि डब्ल्यू 320 या अख्ख्या पांढऱ्या गराच्या प्रतीचा दर परदेशी खरेदीदार ठरवतो. 2018 च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरील आयातशुल्क 5 टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणले, तेवढाच काय तो दिलासा.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उताऱ्याचा मुद्दा मला कोणत्याही लेखात इतक्या स्पष्टपणे मांडलेला आढळला नव्हता. मात्र एक शंका आहे. गावात चाचणी न होता बंदरावर होणे, ही बाब केवळ सोयीची असू शकते. शे-पन्नास किलो बी आणणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा नमुना फोडणे व्यापाऱ्याला परवडणार नाही. मग त्यातून येणारा फरक हा व्यापाऱ्याच्या जोखमीचा मोबदला मानायचा की त्याच्या सत्तेचा? या दोहोंतला भेद पुराव्याने दाखवता आला नाही, तर प्रबंध मध्यस्थाच्या नावाने बोटे मोडण्यापुरताच उरेल.

उत्तर 3: ग्रामीण विकास क्षेत्रातील सल्लागार, फोंडा, पश्चिम आफ्रिकेत काही वर्षे वास्तव्य

हा भेद गिनी-बिसाऊत सर्वांत स्वच्छ दिसतो, म्हणून मोझांबिकपेक्षा तो देश निवडा असे मी सुचवेन. त्या देशाच्या निर्यातीचा 90 टक्क्यांहून अधिक भाग एकटा कच्चा काजू आहे. तो जवळजवळ सगळाच बिया न फोडता बाहेर जातो, मुख्यतः भारतात आणि व्हिएतनाममध्ये. बिसाऊच्या बीचा उतारा आफ्रिकेत सर्वांत चांगल्यांत मोडतो, हे डिचोलीचे भाऊही मान्य करतील. तरीही पिकवणारा गरीबच राहिला.

कारण तिथे बी पुष्कळदा रोख पैशांनी विकली जात नाही, ती तांदळावर बदलली जाते. बरे वर्ष असेल तर 1 किलो बीला 1 किलो तांदूळ. वाईट वर्षी 1 किलो तांदळासाठी 2 किलो किंवा अधिक बी मोजावी लागते. हंगाम मार्चअखेर सुरू होतो, तेव्हा घरातले भात संपत आलेले असते आणि पुढचे पीक पावसाळ्यानंतर येणार असते. तांदूळ आयात करणारा आणि काजू निर्यात करणारा व्यापारी पुष्कळदा एकच असतो. त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी भाव ठरवतो. आता तुमच्या शंकेकडे या: जोखमीचा मोबदला असता, तर ज्या वर्षी जागतिक बाजार स्थिर होता त्या वर्षी तो घटला पाहिजे. तो घटतो का, की गावातले भात संपण्याच्या तारखेबरोबर वरखाली होतो, हे तपासा. दुसरे आढळले तर ती सत्ता आहे.

एक गोष्ट गोवेकराच्या डोळ्याला चटकन दिसते, म्हणून थोडे विषयांतर करून सांगतो. तिथल्या किनारपट्टीवर बलांता समाजाची जी भातशेती आहे, ती आपल्या गोव्यातल्या खाजन शेतीसारखी खारफुटी तोडून, बांध घालून, खारे पाणी अडवून केलेली असते. बांधाची डागडुजी दर कोरड्या ऋतूत सगळ्या गावाने मिळून करायची असते. काजूची वेचणी त्याच दिवसांत येते. तांदूळ काजूच्या बदल्यात मिळू लागला तसे बांधाकडे जाणारे हात कमी झाले, तरुण शहराकडे गेले, आणि बांध फुटला की शेत काही वर्षे खारेच राहते. मग तांदळासाठी काजूवरचे अवलंबित्व आणखी वाढते. खाजनाचा बांध फुटल्यावर काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे चक्र आकड्यांशिवाय कळेल. पण प्रबंधात आकडे द्यावेच लागतील.

सरकार मधे पडले की प्रश्न सुटतो, असेही नाही. बिसाऊत सरकार दर हंगामात किमान दर जाहीर करते, आणि दुर्गम गावात तो कागदावरच राहतो. टांझानियात 2018 च्या नोव्हेंबरात शेतकऱ्यांनी लिलावातील पडेल भाव नाकारले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी सारे पीक किलोमागे 3,300 शिलिंग दराने विकत घेण्यासाठी चक्क लष्कर पाठवले. दर उत्तम होता. पण पैसे हातात पडायला विलंब झाला, आणि एवढा माल विकायचा कुणाला, हा प्रश्न सरकारलाच पडला, कारण फोडण्याची क्षमता देशात पुरेशी नव्हती. खरेदीदार शेवटी समुद्रापलीकडचाच.

उत्तर 4: इतिहासाचे अभ्यासक, पणजी

वरील चर्चेत एक दुवा राहून गेला आहे, आणि तो गोव्याचाच आहे. आकिनो द ब्रागांसा यांचा जन्म 1924 मध्ये गोव्यात झाला. पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिलढ्यांच्या समन्वयासाठी 1961 मध्ये कासाब्लांका येथे जी संघटना स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते होते. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातील आफ्रिकी अभ्यास केंद्राचे ते संचालक झाले. 1986 मध्ये मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तुम्ही जे करू पाहता ते या केंद्राने फार पूर्वी वेगळ्या मालावर करून दाखवले होते. तो माल म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जाणारा मोझांबिकचा मजूर.

1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी कार्यकर्त्या व संशोधक रूथ फर्स्ट यांच्या मार्गदर्शनाखाली केंद्राने या मजुरांचा अभ्यास केला. विद्यार्थी आणि शिक्षक गट करून इन्यांबान प्रांतातील गावांत गेले आणि खाणीतून आलेली मजुरी शेतात कुठे मुरते, हे घरोघरी विचारून नोंदले. त्यामागचा आर्थिक सांगाडा लक्षात घ्या. 1928 च्या करारानुसार मजुरांच्या वेतनाचा एक भाग पोर्तुगीज सरकारला अधिकृत दराने सोन्यात मिळत असे; सरकार ते सोने खुल्या बाजारात चढ्या दराने विकत असे आणि मजुराला स्थानिक चलनात ठरलेली रक्कम देत असे. एकाच वस्तूच्या दोन मोजमापांमधले अंतर म्हणजे नफा. उताऱ्यावर विकायचे आणि वजनावर घ्यायचे, या डिचोलीच्या कारखानदारांनी वर्णिलेल्या व्यवहाराची घडण हीच आहे. 1978 मध्ये दक्षिण आफ्रिकेने ती सोन्याची पद्धत बंद केली, आणि मजुरांची संख्याही 1975 नंतर निम्म्याहून खाली आली होती. अशा वेळी गावाचे काय करायचे हे नव्या सरकारला ठरवायचे होते, म्हणून तो अभ्यास झाला. 1982 च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठातच पत्रबाँबने रूथ फर्स्ट मारल्या गेल्या. त्या स्फोटात ब्रागांसाही जखमी झाले. संशोधन कुणाला तरी इतके झोंबत होते.

प्राध्यापक सरांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. ते पुराव्याचा आग्रह धरतात आणि तो बरोबर आहे. परंतु संगनमत सिद्ध करण्यात तुमची वर्षे खर्ची पडतील आणि हाती काही लागणार नाही. मापुतोच्या गटाने खाणमालकांची दप्तरे मिळण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी मजुराच्या घरातून सुरुवात केली. तुम्ही उलट्या टोकाला बसल्या आहात, तर त्या टोकाची दप्तरे वापरा.

पुराभिलेखाबद्दल थोडे. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्याहूनच चाले, त्यामुळे पणजीच्या पुराभिलेखात त्या किनाऱ्याविषयी विपुल कागद आहेत. पण ते हस्तिदंत, कापड आणि गुलामांच्या व्यापाराचे आहेत. विसाव्या शतकातील कच्च्या काजूसाठी त्यांच्या आशेवर राहू नका.

उत्तर 5: अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मडगाव

मतभेद मान्य आहे. तरीही दप्तर वापरायचे असेल, तर त्यातून काय मोजता येते ते आधी ठरवावे. माझ्या मते प्रश्न असा बांधावा: एका विशिष्ट देशाच्या बीचा कारखान्यात निघालेला उतारा वर्षागणिक किती बदलतो, आणि त्या देशात जाहीर झालेला शेतावरील दर त्याच्याबरोबर हलतो का? दर्जा वाढूनही शेतावरील दर हलत नसेल, तर दर्जाचा लाभ कुठे अडतो हे शोधण्याची जागा निश्चित होते. यासाठी संगनमत सिद्ध करावे लागत नाही. फक्त एक अडचण आहे: उतारा हा साठवणुकीवर आणि प्रवासातील ओलाव्यावरही अवलंबून असतो. त्यामुळे बी कोणत्या महिन्यात भरली आणि कोणत्या महिन्यात फोडली, या दोन्ही नोंदी हव्यात. त्या नसतील तर निष्कर्ष काढू नका.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

प्रश्न आता बराच आटोपशीर झाला. गिनी-बिसाऊ आणि टांझानिया हे दोन देश घेते; पहिल्यात तांदळाची अदलाबदल आहे, दुसऱ्यात लिलाव आहे, त्यामुळे दर्जा आणि दर यांचे नाते दोन्हीकडे सारखे निघते का, हे पाहता येईल. फोंड्याच्या सरांनी सुचवलेली भात संपण्याच्या काळाची कसोटी बिसाऊपुरती लावेन. भाऊ, आपल्या कारखान्यात चाचणीच्या जुन्या नोंदी जपून ठेवल्या जातात का, आणि त्या अभ्यासासाठी पाहता येतील का?

उत्तर 6: काजू कारखानदार, डिचोली

ताई, नोंदी आहेत. प्रत्येक खेपेची वेगळी पाने असतात: मूळ देश, गोण्या, ओलावा, किलोमागे बियांची संख्या, उतारा, आणि फोडल्यावर प्रत्यक्ष किती गर, किती पाकळी, किती तुकडा निघाला ते. भरल्याचा महिना सगळीकडे नाही. जिथे जहाजाचे नाव लिहिले आहे तिथे तुम्हाला तो काढता येईल. आयातदाराचे नाव आणि माझा खरेदीदर मी झाकून देईन, कारण तो व्यवहार माझ्या एकट्याचा नाही. फेब्रुवारीत या. टांझानियाचा माल तेव्हा फुटत असतो आणि स्थानिक बी नुकती सुरू झालेली असते, त्यामुळे दोन्हींची चाचणी एकाच टेबलावर होताना दिसेल. एप्रिलपासून पश्चिम आफ्रिकेच्या मालाची बोलणी सुरू झाली की मला कुणाशी बोलायला वेळ नसतो. वह्या कारखान्याबाहेर नेता येणार नाहीत. इथेच बसून उतरवून घ्याव्या लागतील, त्यासाठी कचेरीत मेज मोकळे करून देतो.